आबांची 'शिस्त' बरोबर की नातवाचा 'नेम'?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे सासरे आर्मीतून रिटायर झालेले, मूळ सातारा साइडचे, आणि नातवाला फायरिंगच्या गोष्टी सांगताना सारखं म्हणतात, "आधी शिस्त घ्यायची, मग श्वास धरायचा, मग ट्रिगर." नातू आठवीत, मराठी मिडियम, तो म्हणतो आबा शिस्त 'घेत' नाहीत 'पाळतात', आणि तुम्हाला 'नेम' म्हणायचंय. रोज वाद. तर आबा चुकतात का, आणि शिस्त हा शब्द संस्कृत 'शिष्ट'वरून आलाय का, असे दोन प्रश्न.

आबा चुकत नाहीत. उलट त्यांच्या तोंडात तो शब्द जुन्या अर्थाने टिकलाय, आपल्या तोंडात घसरलाय.

मला हे कळलं ते माझी पुरती फजिती झाल्यावर. कॉलेजात एनसीसी होती, ठाण्याची आम्ही पंधरावीस पोरं कॅम्पला गेलो होतो, पॉइंट टू टू रायफल, २५ मीटरवर टार्गेट, प्रत्येकी पाच राउंड. शिकवणारे उस्ताद हरयाणाचे. लेटून पोझिशन घेतली, तर मागून उस्ताद ओरडले, "शिस्त ले!" मी आयुष्यात शिस्त हा शब्द शाळेच्या प्रार्थनेत आणि बापाच्या तोंडीच ऐकलेला, त्यामुळे मला वाटलं आपलं काहीतरी बेशिस्त दिसतंय, म्हणून मी पडल्या पडल्या दोन्ही पाय जुळवले, टाचा चिकटवल्या, अंग ताठ केलं, म्हणजे थोडक्यात आडवा सावधान झालो. खरं तर लेटून फायर करताना पाय फाकवून जमिनीला चिकटवायचे असतात. उस्तादांनी बुटाने माझे पाय परत फाकवले आणि पुन्हा तेच, "अबे शिस्त ले, शिस्त!" पाचही गोळ्या कुठे गेल्या देवाला ठाऊक, टार्गेटचा कागद कोरा परत आला. रेंजच्या भाषेत याला वॉशआउट म्हणतात.

संध्याकाळी त्यांनीच समजावलं, की चांगल्या फायरला तीन गोष्टी लागतात, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि ट्रिगर ऑपरेशन. शिस्त म्हणजे डोळा, बॅकसाइट (रायफलवरची डोळ्याजवळची खूण), फोरसाइटचं (नळीच्या टोकावरच्या खुणेचं) टोक आणि टार्गेट हे सगळं एका रेषेत आणणं. आणि आपण ज्याला शिस्त म्हणतो त्याला त्यांच्याकडे अनुशासन, त्यामुळे त्यांच्या डोक्यात गोंधळ होतच नाही. गोंधळ फक्त मराठी पोरांचा. फौजेतल्या मराठी माणसाला दोन्ही शिस्ती एकाच दिवशी शिकाव्या लागतात, पीटी ग्राउंडवर एक आणि रेंजवर दुसरी.

आता हा शब्द आला कुठून. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा. तिकडचे तिरंदाज दोरी अंगठ्याने ओढायचे, आणि अंगठा सोलून निघू नये म्हणून त्यात हाडाची नाहीतर दगडाची जाड अंगठी घालायचे, त्या अंगठीलाही शस्तच म्हणत. (एकलव्याचा अंगठाच का मागितला असा प्रश्न लहानपणी पडायचा ना? अंगठ्याने दोरी ओढणाऱ्याचा अंगठा गेला की धनुष्य गेलं.) अंगठ्यावरून अंगठी, अंगठीवरून बाण लावून रोख धरणं, आणि धनुष्य जाऊन बंदूक आली तरी शब्द तोच राहिला. उर्दूत 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणं. ब्रिटिशांच्या काळात इथल्या फौजेचं शिकवणं हिंदुस्तानीत चालायचं, रोमन लिपीत छापलेली पुस्तकं असायची, आणि ती भाषा बरीचशी तशीच पुढे आली. त्यामुळे आज दिल्लीच्या रस्त्यावर कोणाला शिस्त विचारलीत तर बहुधा तोंडाकडे बघेल, पण रेंजवरचा जवान लगेच डोळा बारीक करेल.

म्हणजे 'शिष्ट'चा काही संबंध नाही. शिष्ट, शिष्य, शासन ही सगळी 'शास्' धातूची मंडळी, आणि शिस्त दिसायला त्यांची चुलत बहीण वाटते, अर्थही जुळतो, म्हणून भलेभले फसतात. पण घराणं वेगळं.

आणि हे फक्त फौजी हिंदीत आहे असंही नाही, आपल्या मराठीतही होतं. जुन्या कोशांत शिस्त शब्दाखाली नेम, रोख हा अर्थ मिळतो. शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा रोख धरणे. मग नेमावरून सरळ रेषा, रेषेवरून रांग, रांगेवरून व्यवस्था आणि व्यवस्थेवरून वागणूक अशी ती सरकत गेली असावी, असं मला वाटतं. अजूनही 'शिस्तीत लाव रे खुर्च्या' म्हणतो तेव्हा आपल्याला खुर्च्यांचे संस्कार अपेक्षित नसतात, ओळ सरळ हवी असते. त्या वाक्यात जुना अर्थ अर्धामुर्धा जिवंत आहे.

आता नातवाच्या 'नेम'कडे या, कारण खरी गंमत तिथेय. नेम आला संस्कृत 'नियम'मधून. एकादशीचा नेम, नेमधर्म, नेमाने फिरायला जाणं, हे सगळं नियमाचंच. 'पावसाचा काही नेम नाही' हेही तेच, आणि नेमका, नेमणे, नेमणूक ही त्याचीच पिलावळ. आणि हाच शब्द बंदुकीवर जाऊन बसला, एवढा घट्ट की २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा मराठी बातम्यांत सगळीकडे 'नेमबाज'च होता. म्हणजे बघा, शिस्त नेमाकडून निघून नियमाकडे गेली आणि नेम नियमाकडून निघून शिस्तीच्या जुन्या जागी येऊन बसला. दोघांनी घरं बदलली. एकाच भाषेत असं उलटसुलट दोनदा झालेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही. त्यामुळे नातूही चूक नाही, पण आबांना दुरुस्त करायला जाऊ नये त्याने.

प्रश्न आल्यावर मी आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या सुभेदार काकांना मुद्दाम विचारलं. त्यांचं ट्रेनिंग बेळगावचं, मराठा लाइट इन्फंट्री, पहिली रायफल थ्री नॉट थ्री, मग एसएलआर, शेवटी शेवटी इन्सास. म्हटलं काका तुम्ही काय म्हणता, शिस्त की नेम? काका म्हणाले, "रायफलला शिस्त. कैरीला दगड मारायचा तर नेम." एवढा सरळ फरक मला कुठल्या कोशात सापडला नव्हता. पुढे त्यांनी हातातली छत्री बंद करून खांद्याला लावली, बाकावर कोपर टेकवलं, गाल मुठीला चिकटवला आणि मला म्हणाले टोकावर रुपया ठेव. ठेवला. मग त्यांनी बोट आवळलं, आधी थोडं, म्हणजे फर्स्ट पुल, थांबले, अर्धा श्वास सोडला, मग सेकंड पुल. रुपया हलला नाही. बेळगावला म्हणे रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणं ठेवून हे तासन् तास करायला लावायचे, नाणं पडलं की रगडा, आणि एवढं झाल्यावर कुठे हातात खरी गोळी. "थ्री नॉट थ्रीचा दस्ता खांद्यात नीट नाही दाबला तर रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही, निळा खांदा घेऊन परेडला," हे सांगताना सत्तरीच्या पुढचा माणूस अजून उजवा खांदा चोळतो. वॉचमन लांबून बघत होता, त्याला वाटलं काकांना काही झालं.

ओघाने अजून एक. नळीच्या टोकावरच्या खुणेला हिंदीत मक्खी म्हणतात आणि मराठीत माशी. हे मला नुसतं शब्दाचं सौंदर्य वाटायचं, पण आमच्या बँकेच्या दारात बसणारे गार्ड, तेही माजी सैनिकच, त्यांच्या डबल बॅरलला टोकाशी पितळेचा छोटा मणी आहे. एकदा बंदूक मांडीवर आडवी असताना जवळून बघितला. नळीवर माशी येऊन बसलीय आणि आता उडेल, अगदी तसा. थ्री नॉट थ्रीवर मात्र तो मणी नाही, पात्यासारखी उभी पट्टी, तरी नाव तेच चिकटलं.

आणि ज्या मैदानावर हे सगळं चालतं त्याला चांदमारी. चांद म्हणजे टार्गेटवरचा गोल, तो मारायचा म्हणून चांदमारी. गुवाहाटीत त्या नावाचा अख्खा भाग आहे. आपल्याकडे हा शब्द मागे पडला, सगळे फायरिंग रेंज म्हणतात, वाईट वाटतं, कारण चांदाला मारायला निघालेल्या माणसांचा तो शब्द होता.

बाकी 'घेणे' या क्रियापदावर नातवाला अर्धा मार्क द्या. मराठीत पूर्वी शिस्त 'धरायचे', आबा 'घेतात' ते 'शिस्त ले'मधून आलंय. पंधरावीस वर्षं कानावर तेच पडल्यावर दुसरं काय होणार.

आणि ताई, आबा बोलतच आहेत तर 'खोखा' शब्द विचारून घ्या. फायर झाल्यावर उरतं ते रिकामं काडतूस. हल्ली खोका म्हटलं की लोकांना भलतेच हिशेब आठवतात, पण यांचा हिशेब कडक, पाच गोळ्या दिल्या तर पाच खोखे मोजून परत. आमच्या कॅम्पला एक कमी भरला होता आणि अंधार पडेपर्यंत आख्खी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाचपत होती. सापडला शेवटी, माझ्याच शर्टाच्या आत.