वाचकांचे प्रश्न : थायरॉइडच्या गाठीभोवती जमणाऱ्या पेशी

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ३८ वर्षांची आहे. तिची थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढली. अहवालात ‘पॅपिलरी कार्सिनोमा, १.४ सेंमी, सभोवती लिम्फोसायटिक थायरॉइडायटिस’ असे लिहिले आहे. लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशी, हे मला ठाऊक आहे. मग शरीर रोगाशी लढत आहे असे समजायचे, की दोन आजार एकदम जडले असे? ओळखीच्या एका गृहस्थांनी प्रतिकारशक्ती वाढवणारे अश्वगंधायुक्त चूर्ण सुचवले आहे. ते द्यावे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमचे दोन्ही तर्क बरोबर आहेत, आणि त्यांतला पहिला तुमच्या जावेला धीर देणारा आहे. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये ज्या सुजेचे वर्णन केले, तीच ही सूज. यात शरीराच्याच लिम्फोसाइट पेशी थायरॉइडवर चालून जातात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार कितीतरी अधिक आढळतो आणि पॅपिलरी कर्करोगाच्या अहवालांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. अशी सूज सोबत असलेल्या रुग्णांत मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचण्याचे आणि उपचारांनंतर तो उलटण्याचे प्रमाण सरासरीने कमी दिसून आले आहे. तेव्हा अहवालातील त्या ओळीने घाबरून जाऊ नका.

मात्र ‘शरीर लढत आहे’ या वाक्याचे उत्तर, गाठीत नेमक्या कोणत्या पेशी आल्या आहेत, यावर ठरते. लिम्फोसाइटचाच एक प्रकार असलेल्या काही टी-पेशी कर्करोगपेशीला ओळखून थेट मारतात. नियामक टी-पेशी याच माऱ्याला आवर घालतात. कर्करोगपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ नावाचे प्रथिन मिरवू लागली, तर मारण्यासाठी आलेली टी-पेशीही निष्क्रिय होऊन बसते. म्हणून पेशींची नुसती गर्दी पाहून निष्कर्ष काढता येत नाही.

सर्वांत अधिक विचार करायला लावणारी पेशी म्हणजे मॅक्रोफेज. जंतू गिळणाऱ्या या भक्षकपेशींच्या अभ्यासासाठी मेचनिकोव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू गिळण्याखेरीज जखम भरून आणणे हेही या पेशींचे काम असते. त्यासाठी त्या नव्या रक्तवाहिन्यांना आमंत्रण देणारे आणि पेशींना वाढीचा हुकूम देणारे रेणू स्रवतात, तसेच भोवतालचे ऊतक सैल करतात. पॅपिलरी कर्करोगात बीआरएएफ या जनुकातील बदल अनेकदा सापडतो. असा बदल झालेली पेशी सीएसएफ-१ आणि सीसीएल-२ यांसारखे संदेश सोडून मॅक्रोफेजना बोलावून घेते आणि जखम भरण्याची त्यांची सारी कसबे स्वतःच्या वाढीसाठी वापरते. किल्ल्यातलीच शिबंदी फितूर व्हावी, तसे हे आहे. कमी परिपक्व थायरॉइड कर्करोगात मॅक्रोफेजची दाटी जितकी अधिक, तितका रोगाचा पुढचा प्रवास कठीण असे दिसून आले आहे. ॲनाप्लास्टिक या दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक प्रकारात तर गाठीतील निम्म्याहून अधिक पेशी मॅक्रोफेजच असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लांब फांद्या कर्करोगपेशींच्या मधून जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसतात.

पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये वर्णिलेल्या मास्ट पेशी आपल्याला ॲलर्जीमुळे परिचित आहेत. पॅपिलरी गाठीत त्याही निरोगी ग्रंथीपेक्षा अधिक संख्येने आढळतात. कर्करोगपेशींनी सोडलेला व्हीईजीएफ हा वाढघटक (पेशींना वाढीचा निरोप देणारा रेणू) त्यांना ओढून आणतो, आणि आल्यावर त्या हिस्टामिन व इंटरल्युकिन-८ सारखी द्रव्ये सोडून गाठीच्या वाढीला व पसरण्याला हातभार लावतात. वाढघटक आणि प्रतिकारपेशी यांचे नाते असे दुहेरी असते, आणि एकाचा विचार दुसऱ्याला सोडून करणे मला तरी योग्य वाटत नाही.

आता चुर्णाबद्दल. ‘प्रतिकारशक्ती’ म्हणून सरसकट वाढवावी अशी एकच शक्ती शरीरात नसते, हे वरील विवेचनावरून तुमच्या लक्षात आले असेलच. शिवाय अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकाची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि तुमची जाऊ तर मोजून ठरवलेल्या मात्रेत तेच संप्रेरक घेत असणार. चूर्ण देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक गोष्ट आवर्जून करा. पुढील तपासण्यांत थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडपेशींनीच बनवलेले, रोग उलटला का हे सुचवणारे प्रथिन) मोजतील, तेव्हा त्याच नमुन्यात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडेही मोजली जात आहेत ना, हे विचारा. हाशिमोतोच्या रुग्णांत ही प्रतिपिंडे पुष्कळदा असतात, आणि त्यांच्यामुळे थायरोग्लोब्युलिनचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

प्रश्न : वडिलांचा थायरॉइडचा कर्करोग फुफ्फुसांत पसरला असून किरणोत्सारी आयोडीनचा आता उपयोग होत नाही. डॉक्टरांनी लेनव्हॅटिनिब सुचवले आहे. हे औषध ‘वाढीचे घटक’ कसे रोखते? आणि इतकी चर्चा असलेली इम्युनोथेरपी का नाही?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : वाढघटक म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला, बहुधा प्रथिनाच्या रूपातील, वाढीचा निरोप. त्यांच्या शोधाबद्दल रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. निरोप पेशीबाहेरच्या ग्राहकाला चिकटला की ग्राहकाचा आतला भाग, म्हणजे कायनेज, जागा होतो आणि हुकूम केंद्रकापर्यंत पोचतो. गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात, ही कल्पना जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. त्या वाहिन्या घडवणारा प्रमुख घटक व्हीईजीएफ.

लेनव्हॅटिनिब व्हीईजीएफच्या तिन्ही ग्राहकांची आणि त्यासोबत एफजीएफ, पीडीजीएफ, रेट व किट या वाढीच्या इतर मार्गांची कायनेज बंद पाडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोग पुढे न सरकण्याचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत १८.३ महिने, तर नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ३.६ महिने होता. सोराफेनिब या आधीच्या औषधाच्या चाचणीत हेच आकडे १०.८ आणि ५.८ महिने होते. या औषधाने रोग समूळ जात नाही, परंतु तुमच्या वडिलांना मिळणारा काळ खरा आहे आणि तो चांगल्या स्थितीत जावा म्हणून घरच्यांना बरेच काही करता येते. रक्तदाब घरीच मोजून वहीत लिहून ठेवावा, कारण तो वाढणे हा सर्वांत ठळक दुष्परिणाम आहे. लघवीतील प्रथिने तपासत राहावीत. जुलाब, थकवा, वजनातील घट यांपैकी काही दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे; मात्रा कमी करण्याची वेळ अनेक रुग्णांवर येते आणि त्यात हार मानण्यासारखे काही नाही. दात काढायचा असल्यास दंतवैद्यांना या गोळीची कल्पना आधी द्यावी, कारण तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो.

इम्युनोथेरपीविषयीची तुमची अपेक्षा मी समजू शकतो. पण पेम्ब्रोलिझुमॅब हे टी-पेशींवरचा आवर काढणारे इम्युनोथेरपीचे औषध एकटे देऊन पाहिलेल्या एका सुरुवातीच्या चाचणीत परिपक्व प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाच्या २२ रुग्णांपैकी केवळ दोघांच्या गाठी पुरेशा आक्रसल्या. याचे एक कारण पहिल्या उत्तरात आले आहे: टी-पेशींना आवर घालणारी मंडळी गाठीत आधीच ठाण मांडून असतात. व्हीईजीएफ स्वतःही टी-पेशींना गाठीत शिरू देत नाही, म्हणून लेनव्हॅटिनिब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही दोन्ही औषधे एकत्र देण्याचे प्रयोग झाले आहेत. औषध सुरू करण्याआधी वडिलांच्या गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे मात्र अवश्य विचारा. रेट किंवा एनटीआरके या जनुकांतील बदल सापडल्यास अधिक नेमकी औषधे उपलब्ध आहेत.

प्रश्न : थायरॉइड काढल्यानंतर टीएसएच मुद्दाम कमी का ठेवतात? आणि सकाळची गोळी चहा-पोह्यांबरोबर घेतली तर चालते का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : टीएसएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीचे संप्रेरक, हाही थायरॉइडपेशींना वाढीचा निरोपच असतो. गाठीच्या उरलेल्या पेशींना तो मिळू नये, म्हणून जोखीम अधिक असल्यास लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाच्या गोळीची, मात्रा किंचित चढी ठेवतात; त्याने टीएसएच खाली येतो. जोखीम कमी असल्यास तितका दाब आता ठेवत नाहीत, कारण वर्षानुवर्षे टीएसएच फार खाली राहिल्यास हृदयाची लय बिघडू शकते आणि विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ शकतात. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा, पोहे, जिलेबी हे सारे अर्ध्या ते एक तासानंतर. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या या गोळीनंतर चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुमारास घ्याव्यात.