मॉर्फिनची सवय मेंदूला होते, मग पोटाला का नाही?

प्रश्न : माझ्या आईला (वय 67) हाडांत पसरलेला कॅन्सर आहे. सात महिने झाले, मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. सुरुवातीला सारखी झोप यायची, मळमळायचं, ते आठ-दहा दिवसांत गेलं. डॉक्टर म्हणाले शरीराला सवय होते. मग बद्धकोष्ठाची सवय का होत नाही? चार-चार दिवस पोट साफ होत नाही. रोज रात्री इसबगोल देतो, पण फरक काहीच नाही, उलट पोट फुगतं. आणि मागच्या महिन्यात बारशाला गावी गेलो तेव्हा गोळ्या घरी राहिल्या, तर दुसऱ्या दिवशी एकदम उलटं, कळा येऊन जुलाब, घाम, नाक गळतंय. एकच औषध दोन्ही कसं करतं? गोळ्या कमी कराव्यात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. नाही, पोटासाठी म्हणून तुमच्या मनाने मॉर्फिन कमी करू नका. आईला वेदना सहन करत बसवायचं काही कारण नाही, पोटाचा इलाज वेगळा आहे आणि तो आहे.

आता 'का' ते सांगते. मी बरीच वर्षं फार्माकॉलॉजी शिकवलं, त्यामुळे हे मला आतड्याच्या तुकड्यावरूनच समजावता येतं. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला गिनीपिगच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा 37 अंशाच्या क्षारांच्या पाण्यात दोऱ्याने टांगायचो, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे, वर दोऱ्याला जोडलेली बारीक काडी आणि समोर काजळी धरलेला फिरता ड्रम. अ‍ॅसिटिलकोलीनचा (मज्जातंतू स्नायूला 'आखड' असा निरोप ज्या रसायनाने देतात त्याचा) थेंब टाकला की दोन सेकंदांत तो तुकडा आक्रसायचा आणि काजळीवर पांढरी रेघ सरळ वर जायची. प्राणी केव्हाच गेलेला, मेंदूशी संबंध तुटलेला, तरी तो तुकडा काम करतोय! कारण आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, एक उभा, एक कड्यासारखा गोल, आणि दोघांच्या मधोमध मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. या स्नायूंना स्मूथ मसल म्हणतात, ते आपल्या हुकमाने चालत नाहीत, त्यांना हुकूम मुख्यतः या जाळ्यातून येतो.

1957 मध्ये ब्रिटिश फार्माकॉलॉजिस्ट विल्यम पॅटन यांनी अशाच तुकड्याला विजेचे हलके झटके दिले. प्रत्येक झटक्याला आतडं आखडायचं, पण पाण्यात मॉर्फिन घातलं की आखडणं कमी व्हायचं. स्नायू थकला होता का? नाही, कारण अ‍ॅसिटिलकोलीन बाहेरून दिलं की तो चांगला आखडत होता. म्हणजे मॉर्फिन स्नायूला नाही, तर मज्जातंतूच्या टोकाला गप्प करत होतं. त्या टोकावर म्यू नावाचे ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचे रेणू जिथे बसतात त्या जागा, असतात, मॉर्फिन तिथे बसलं की कॅल्शियम आत येण्याचे दरवाजे मिटतात, आणि कॅल्शियमशिवाय अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडत नाही. (हे रिसेप्टर आपल्या शरीरात मॉर्फिनसाठी बसवलेले नाहीत हो, शरीर स्वतःच मॉर्फिनसारखे रेणू बनवतं. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी ते शोधले, तेही मेंदूचा अर्क गिनीपिगच्या आतड्यावर आणि उंदराच्या शुक्रवाहिनीवर तपासून.)

हे झालं पहिल्या दिवसाचं. महिनोन्‌महिने औषध चालू राहिलं की मज्जातंतू नुसता गप्प बसून राहत नाही, तो स्वतःला बदलतो. पिठाच्या गिरणीत काम करणारी माणसं बघा, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायची इतकी सवय होते की गिरणी बंद झाली तरी थोडा वेळ ओरडूनच बोलतात. तसंच इथे. मॉर्फिन पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) बनवणारं एन्झाइम दाबून ठेवतं, तर पेशी हळूहळू ते जास्त जोरात चालवायला लागते. पेशींमधला हा बदल अमेरिकन शास्त्रज्ञ मार्शल नीरेनबर्ग यांच्या लॅबने 1975 मध्येच दाखवला होता. आता काही दिवस मॉर्फिन दिलेल्या गिनीपिगचं आतडं टांगा. तेवढ्याच मॉर्फिनने झटके आता तितके दबत नाहीत, डोस बराच वाढवावा लागतो. आणि मॉर्फिनला हटवणारं नॅलॉक्सोन टाकलं तर तो तुकडा कोणी झटका न देता आपला आपणच कडकडून आखडतो, दाबून धरलेलं अ‍ॅसिटिलकोलीन भसाभस सुटतं. नुसतं एवढंच नाही, सेरोटोनिनसारख्या दुसऱ्या रसायनांनाही तो नेहमीपेक्षा जास्त दाद देतो. बारशाच्या दुसऱ्या दिवशी आईच्या पोटात कळा आल्या त्या याच जातीच्या. घाम आणि नाक गळणं हे मेंदू आणि बाकीच्या मज्जासंस्थेचं, पण कारण तेच, गिरणी एकदम बंद पडली.

मग आतडं बदलतं तर बद्धकोष्ठ का जात नाही? इथे खरी मेख आहे. लहान आतड्याला सवय होते, मोठ्या आतड्याला जवळजवळ होतच नाही. उंदरांच्या आतड्यांवर हे स्पष्ट दिसलंय, आणि हा फरक रिसेप्टरला आवर घालणाऱ्या बीटा-अरेस्टिन-2 या प्रथिनाशी जोडलेला दिसतो. शिवाय मोठ्या आतड्यात मॉर्फिन 'सैल हो' सांगणाऱ्या मज्जातंतूंनाही गप्प करतं, जे नायट्रिक ऑक्साइड सोडतात ते. मग गोल स्नायू जागच्या जागी आवळून बसतो, पुढे ढकलणारी लाट येत नाही, आतड्यात पाणीही कमी सुटतं आणि मल तिथेच वाळत राहतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं झोपेबद्दल आणि मळमळीबद्दल बरोबर होतं, पोटाबद्दल नाही. घरी एक बघा, आईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या सात महिन्यांनंतरही बारीकच दिसतील. त्यांनाही फारशी सवय होत नाही, तिथे आकुंचनाचा निरोप मात्र मेंदूतून येतो.

आता इसबगोल. ते पाणी धरून मल फुगवतं, पण आतडं ढकलतच नसेल तर फुगलेला गोळा पुढे जाणार कसा? पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणावरच्या माणसात त्याने आतडं तुंबूसुद्धा शकतं. तेव्हा ते बंद करा. इथे लागतं ते आतड्याला हलवणारं औषध, म्हणजे सेना (आपली सोनामुखी) किंवा बिसाकोडिल, आणि जोडीला पाणी ओढणारं लॅक्टुलोज किंवा पीईजी पावडर. डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि रोज द्या, अडल्यावर नाही. खरं तर हे मॉर्फिनच्या पहिल्याच चिठ्ठीवर लिहून यायला हवं होतं, आणि ते इतक्या घरांत लिहून येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. याने भागलं नाही तर मेथिलनाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत (अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली), त्या रेणूवर विद्युतभार असल्यामुळे तो मेंदूत फारसा शिरत नाही, आतड्यातलं मॉर्फिन हटवतो आणि वेदनाशमन तसंच राहतं. पण आतड्यात गाठीने अडथळा असेल तर ते चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

पोट टणक फुगलं, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. आणि अजून एक, आठवडाभर काही नाही आणि मग अचानक थोडं थोडं पाण्यासारखं होऊन कपडे खराब होतात, असं दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. ती लोपेरामाइडची असते, तीही याच म्यू रिसेप्टरवर बसते, फक्त मेंदूच्या दारातून परत ढकलली जाते म्हणून गुंगी येत नाही. अशा वेळी बहुतेकदा खाली वाळलेला गोळा अडकलेला असतो आणि पातळ मल त्याच्या कडेने झिरपत असतो, डॉक्टरांना आधी बोटाने तपासायला सांगा.