वाचकांचे प्रश्न: वाण्याच्या दुकानातल्या वह्या

प्रश्न: वाडा उतरवताना कापडी बासनात बांधलेल्या लांबट वह्या निघाल्या. आमच्या पूर्वजांचं पुणे जिल्ह्यात एका खेड्यात वाणसामानाचं दुकान होतं. अक्षर मोडी आहे. काही पानांवर १९३१ असा आकडा आहे, म्हणून घरचे म्हणतात की फार जुन्या नाहीत, रद्दीत द्या. आकड्यांपुढे रेघाच रेघा आहेत. हे वाचायचं कसं?

उत्तर: कृपा करून रद्दीत देऊ नका. १९३१ हे इसवी सन असेलच असं नाही. त्या काळच्या व्यापाऱ्यांचं वर्ष बहुधा दिवाळीच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होई, आणि गुजराती-मारवाडी दुकानदार विक्रम संवत लिहीत. कार्तिकी संवतातून दिवाळी ते डिसेंबर ५७ आणि जानेवारीपासून पुढे ५६ वजा करायचे. म्हणजे संवत १९३१ हे १८७४ च्या दिवाळीपासून १८७५ च्या दिवाळीपर्यंतचं वर्ष. पानाच्या माथ्यावर ‘श्री’च्या खाली मिती, म्हणजे तिथी-महिना, पाहा. तिथे ‘शके’ असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ आणि त्यापुढे फाल्गुनअखेर ७९ मिळवा. महिना आणि शुद्ध-वद्य लागले की वर्ष पक्कं होतं.

आता रेघा. सोळा आण्यांचा रुपया, चार आण्यांचा पावला. उभी रेघ म्हणजे पाव रुपया. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. त्यापुढच्या छोट्या आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या. तेव्हा १॥= हा आकडा दिसला की तो एक रुपया दहा आणे असा वाचायचा. पण याच उभ्या रेघा मापालाही चालत. १॥ मण म्हणजे दीड मण. म्हणून आकड्यालगत कोणता शब्द आहे ते बघितल्याशिवाय बेरजेला बसू नका. धान्य मापाने जाई (चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, मणाच्या पायल्या गावोगाव बदलत) आणि गूळ, हळद, सुपारी तागडीत तोलून, नवटाक, पावशेर, अच्छेर (शेराचा आठवा, चौथा भाग आणि अर्धा शेर) अशी. दुकानात बसणाऱ्या पोराला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ लागत ते याच हिशेबासाठी.

पानावर छापील रकाने नसतात. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात आणि त्या सळांच्या आधाराने मजकूर उतरतो. डावीकडे जमा (आलेलं), उजवीकडे नावे (दिलेलं).

तुमच्या बासनात किमान दोन तऱ्हेच्या वह्या असतील. एक रोजकीर्द: दिवसभर जे घडलं ते घडलं त्या क्रमाने, दिवसअखेर शिल्लक काढून, दुसऱ्या दिवशी तीच शिल्लक वर ओढून. दुसरी खतावणी: माणसागणिक खातं. बहुतेक लोक खतावणीपासून सुरुवात करतात, कारण तिथे नावं सापडतात आणि कोण किती देणं लागत होता ते चटकन कळतं. माझा सल्ला उलटा आहे. आधी कीर्द वाचा. खतावणीत उरते ती रक्कम, कीर्दीत व्यवहार दिसतो. एखाद्या कुणब्याच्या खात्यावर ‘जमा रुपये ३’ एवढंच असेल. कीर्दीत त्या मितीला पाहिलंत तर कळेल की तो रोकड घेऊन आलाच नव्हता, जोंधळे घेऊन आला होता, आणि ते कोणत्या भावाने धरले. माझ्या मते या वह्यांतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर हा भाव. खळ्यावर धान्य उतरतं तेव्हा भाव पडलेला असतो. तेच धान्य आषाढ-श्रावणात पेरणीला, पोटाला उधार नेलं की महाग, आणि परत द्यायचं ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण. एका वर्षाच्या कीर्दीतून फक्त जोंधळ्याचे भाव महिन्यावार उतरवून काढा. गावाचं वर्ष कसं गेलं ते त्या एका पानावर दिसेल.

प्रश्न: याच बासनात सुट्या कागदांवर एकाच माणसाचे तीन-तीन वर्षांनी लिहिलेले कर्जाचे रोखे आहेत आणि रक्कम दर वेळी वाढलेली. त्याने मधे काही फेडलंच नाही का?

उत्तर: फेडलं असेलही. तीन वर्षांचं कारण कायद्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या रोख्यावर तीन वर्षांतच दावा लावता येई. मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळे. आपल्याकडे दामदुपटीचा दंडक होता: व्याजाची बाकी मुद्दलाच्या वर जाऊ द्यायची नाही. पण व्याजच मुद्दल झालं की दामदुपट मोजायची कशावर? १८७५ साली शेतकरी सावकारांवर उठले, त्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज घेतल्याचं प्रकरण आलं होतं.

दुकान आणि सावकारी एकाच ओसरीवर चाले हे विसरू नका. मीठ, तेल, लुगडं उधार न्यायचं, शेतसारा भरायला रोख उचलायची, आणि सगळं एकाच खात्यावर पडायचं. वही दुकानदाराकडे, रोखाही त्याच्याकडे. कुणब्याच्या हातात पावतीचा चिटोराही नसे, आणि नसलेली पावती कोर्टात दाखवता येत नाही. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते, व्याजाच्या दराहूनही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले, आणि पुढे पुणे-नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी जे झालं त्यात मुख्य मागणी रोख्यांची आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांची होती. कागद मुकाट्याने मिळाले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. लोकांना काय जाळायचं ते नेमकं ठाऊक होतं.

१८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, भरणा केल्यावर पावती मिळावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यावा, आणि कोर्टाने रोख्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासावा, असं त्यात होतं. तुमच्याकडे १८७९ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही वह्या असतील तर एकाच माणसाचं खातं दोन्हींत शोधा. भरण्याच्या नोंदी तशाच आहेत की तपशील वाढला, हे मला जाणून घ्यायला फार आवडेल. जरूर कळवा.

आणि घरच्यांना संकोच वाटत असेल तर एवढं सांगा: पूर्वज सावकारी करत होते म्हणून वही लपवायची नसते. त्या वहीत दुकानदाराच्या नावाबरोबर गावातल्या शंभर घरांची नावं आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची दुसरी नोंद कुठेही उरलेली नसेल.

प्रश्न: मोडी शिकेपर्यंत वह्या टिकवायच्या कशा?

उत्तर: कोरड्या जागी, आडव्या ठेवा. मऊ ब्रशने धूळ झटका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मोडीचे वर्ग पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात होतात, चौकशी करा. तोवर प्रत्येक पानाचा फोटो वहीतल्या क्रमानेच काढा, सुट्या चिठ्ठ्या ज्या पानात सापडल्या त्याच पानासोबत. काही जण पानं सपाट व्हावीत म्हणून इस्त्री फिरवतात. ते करू नका. घड्या गेल्या की रकाने गेले.