मैत्रिणीचं भांडण आणि आपली पोस्ट

प्रश्न : मैत्रीण दोन महिने माहेरी आहे. दिराने गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दागिने घेऊन पळाली’ असं टाकलंय. दागिने तिच्या माहेरचे, लग्नात मी स्वतः पाहिलेत. फेसबुकवर तिची बाजू मांडू का? गप्प बसले तर मैत्रीण कसली!
– एक वाचक, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर : तिला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. ती नको म्हणाली तर विषय तिथेच मिटला.

ती हो म्हणाली तरी आमचं मत, फेसबुकवर नको. तुम्ही आठवणीने ‘पंधरा तोळे’ लिहाल आणि तिच्या कोर्टातल्या अर्जातली दागिन्यांची यादी निघेल बारा तोळ्यांची. तो तीन तोळ्यांचा फरक उलटतपासणीत तिच्याच अंगावर येतो. शिवाय अर्ज हिंदू विवाह कायद्याखाली असेल, तर कलम 22 नुसार सुनावणी बंद दाराआड होते आणि तिथला मजकूर छापणं-पसरवणं हा गुन्हा आहे. दंड हजार रुपयांपर्यंतच, पण फटका तिच्या बाजूला.

‘खरं तेच लिहिलं’ म्हणून सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या बदनामीच्या कलम 356 मध्ये खरेपणासोबत लोकहितही दाखवावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नाव गाळूनही भागत नाही. ‘अंगणवाडीत कामाला, नवरा गोव्यात’ एवढ्यावर अख्खा बाजार ओळखतो. त्यात सासर कन्नड बोलणारं असेल तर तिसऱ्या कमेंटला दागिने राहतात बाजूला आणि मराठी-कन्नड सुरू होतं. मग समेटाला बसायला पंचही तयार होत नाहीत.

त्यापेक्षा पुरावा धरा, तोही आजच. टाकणाऱ्याला सुमारे अडीच दिवस मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचं नाव, तारीख, वेळ आणि मागचे-पुढचे मेसेज यायला हवेत. दीर नावाने सेव्ह असेल तर त्याचा नंबर दिसणाऱ्या पानाचाही घ्या. नुसता फॉरवर्ड केलेला मेसेज कुचकामी, मूळ कुणी कधी टाकला ते त्यात राहत नाही. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे मोबाइलमधल्या पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडताना तो लागू शकतो.

मग ॲडमिनला खाजगीत लिहा : ‘घरगुती वाद आहे, एका बाजूचा मजकूर ग्रुपवर ठेवू नका.’ ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट.

मैत्रिणीला 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर द्या. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली तर वाचून, समजावून घेतल्याशिवाय सही नको. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तुम्ही तिच्यासोबत जाऊन बसलात तर शंभर पोस्टींपेक्षा ते जास्त.

प्रश्न : मित्राच्या शेतवाटणीत त्याची भावकी ग्रुपवर माझं मत मागतेय. काय लिहू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ‘समोर बसून सांगेन’ एवढंच. अंगठ्याची इमोजीही नको, उद्या ती ‘यालाही मान्य होतं’ म्हणून दाखवली जाईल. उताऱ्याचा फोटो टाकण्याचं कारणच नाही. तो कर्नाटक सरकारच्या भूमी पोर्टलवर कुणालाही बघता येतो.