तुमच्या तरुणपणीची कोणती गाणी अजून मनात आहेत? त्यांच्याशी जोडलेली एखादी आठवण सांगाल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या साठीला त्यांच्या काळातल्या गाण्यांची यादी भेट द्यायची आहे, म्हणून त्या वयाच्या लोकांना विचारताय. मी तुमच्या वडिलांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. सारं आयुष्य नागपुरात गेलं, लहानपण तिथल्या महाल भागातल्या एका वाड्यात. गाण्यांची नावं सांगतोच, पण माझी गाणी म्हणजे माझी ताई, त्यामुळे सुरुवात तिच्यापासूनच करावी लागेल.

वाड्यात पाच बिऱ्हाडं आणि रेडिओ एकच, समोरच्या काकांकडे. लाकडी खोक्याचा मर्फी, वर क्रोशाचा रुमाल. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं. काका दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून यायचे आणि ते पुस्तक रेडिओच्या मागेच ठेवायचे. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या, की काकू रेडिओ खिडकीत आणून ठेवायच्या, तोंड आमच्याकडे करून. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं करायला.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन. त्यावर बिनाका गीतमाला, म्हणजे त्या आठवड्यातली गाजलेली हिंदी गाणी क्रमानं. ती १९५२ पासूनची, माझ्या जन्माच्याही आधीची. बाबा सांगायचे, आकाशवाणीनं सिनेमाच्या गाण्यांना हात आखडता घेतला आणि सगळा देश सिलोनकडे वळला. पुढे १९५७ ला विविध भारती आली, पण बुधवार सिलोनचाच राहिला. निवेदक अमीन सयानींचं ‘बहनों और भाइयों’ ऐकून ताई दर वेळी मला कोपरानं ढोसायची. “बघ, पहिल्यांदा बहनों म्हणतात.” तिची दोनशे पानी वही होती. पायदान (म्हणजे गाण्याचा क्रमांक), गाणं, सिनेमा, गाणारे, अशा चार रेघा मारलेल्या. पहिल्या पायदानाचं गाणं लाल शाईनं.

शॉर्टवेव्ह तुम्ही ऐकली नसेल. लहरी वर आकाशातल्या थरावर आपटून खाली येतात, आणि तो थर काही एका जागी स्थिर नसतो, म्हणून आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. नेमकं गाण्याचं नाव सांगताना लाट ओसरायची. मग ताई तेवढी जागा कोरी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींना विचारून भरायची. वहीत कोरी जागा राहिलेली तिला सहन व्हायची नाही.

मे १९७३ मध्ये तिचं लग्न झालं, आरमोरीला. आता ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्हा होता. एसटीनं उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत जायचं आणि पुढे वैनगंगा ओलांडायची. नदीला पूर आला की पलीकडचं माणूस पलीकडेच. निघताना रडारड चालली होती, त्यात तिनं मला बाजूला घेऊन वही हातात दिली. “बुधवार चुकवू नको, बाबू.”

तिच्या सासरी ट्रान्झिस्टर होता, पण तो सासऱ्यांचा. सकाळ-संध्याकाळच्या बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम, की बंद. गाण्यांना सेल जातात, असं त्यांचं म्हणणं. त्या घरात सेल उन्हात वाळवून पुन्हा वापरायचे, त्यामुळे त्यांनाही दोष देता येत नाही.

म्हणून मी दर बुधवारी रात्री वही भरायची आणि गुरुवारी सकाळी तिला आंतर्देशीय पत्र टाकायचं, असं ठरलं. सोळा गाणी. पत्र सोमवारपर्यंत पोचायचं. तिची गीतमाला सोमवारी.

पहिली दोन-तीन पत्रं नुसती यादी होती. मग तिचं उत्तर आलं की नावं कळतात रे, पण गाणं कसं आहे ते कळत नाही, तेही लिही. आता चाल कशी लिहायची? मी पंधरा वर्षांचा, सा-रे-ग-म चा गंध नाही. तरी लिहायला लागलो. एका गाण्याबद्दल लिहिलं होतं की ठेका आपल्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसारखा आहे, पट्टा सैल झाल्यावर वाजतो तसा. एकाबद्दल, की सुरुवातीला बाई हळू बोलल्यासारखी गाते आणि मग एकदम जिना चढून गच्चीवर जाते. ‘मेरा जीवन कोरा कागज’ १९७४ मध्ये वर्षभराच्या यादीत पहिलं आलं. त्याच्याबद्दल लिहिलं होतं, “किशोरचं आहे पण मस्तीतलं नाही, दुपारी सगळे झोपल्यावर एकट्यानं म्हणायचं आहे.” पुढच्या वर्षी महंगाईची कव्वाली पहिली आली. ती वाचून ताईनं उलट टपाली आरमोरीच्या बाजारातले साखरेचे, रॉकेलचे, गोडेतेलाचे भाव कळवले होते. आईनं ते पत्र शेजारीपाजारी वाचून दाखवलं.

आता वाटतं, गाणी मी तेव्हा ऐकली तशी पुढे कधीच ऐकली नाहीत. दुसऱ्याला शब्दांत सांगायचंय म्हटलं की कान वेगळेच लागतात. ढोलक कधी सुरू होतं, बासरी कुठे येते, कडव्यानंतर धृपदाकडे कसं वळतात, सगळं लक्षात ठेवावं लागायचं, कारण गाणं त्या आठवड्यात एकदाच लागणार. आज नातू मला दिवसाला चार लिंका पाठवतो. त्यालाही मी सांगून पाहिलं, की एक कमी पाठव, पण त्यात तुला काय आवडलं ते एक ओळ लिही. आता लिहायला लागलाय थोडं थोडं.

२७ ऑगस्ट १९७६ ला मुकेश अमेरिकेत वारले. ‘कभी कभी’ त्या वर्षी जिथेतिथे वाजत होतं. गणपती बसायचे दिवस होते आणि बडकस चौकाकडून येणाऱ्या लाऊडस्पीकरवर त्यांचीच गाणी चालली होती. त्या आठवड्याच्या पत्रात मी पायदानं लिहिलीच नाहीत. मुकेशची आम्हा दोघांना येणारी जेवढी गाणी आठवली, तेवढी लिहिली. आंतर्देशीयच्या घड्यांवरसुद्धा लिहिलं, चिकटवायच्या पट्टीपर्यंत. ताईनं नंतर कळवलं की ते पत्र वाचताना ती चुलीपाशी रडत होती आणि सासऱ्यांनी पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं. मुकेश गेला म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर ट्रान्झिस्टर घेऊन आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला, स्वतः स्टेशन लावून दिलं आणि ओसरीवर जाऊन बसले. त्यानंतर त्या घरात सेलचा विषय निघाला नाही. तरी माझी पत्रं तिला हवीच होती, ती १९७९ पर्यंत चालली.

मराठी गाण्यांचं सांगायचं तर ती आकाशवाणी नागपूरची सकाळ. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, त्यामुळे बाबा त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखे बोलायचे. ‘बगळ्यांची माळ फुले’ लागलं की दाढीचा ब्रश हातात तसाच राहायचा आणि फेस वाळून जायचा. सुरेश भट अमरावतीचे आणि नंतर नागपूरचेच झालेले. त्यांचं ‘मेंदीच्या पानावर’ ताईच्या आवडीचं, ‘मलमली तारुण्य माझे’ माझ्या, पण ते बाबांसमोर ऐकायची सोय नव्हती. खिडकीतून सूर आले की मी विहिरीवर पाणी आणायला निघायचो, कारण तिथे जास्त स्पष्ट ऐकू यायचं. कवी ग्रेस यांची गाणी मला फार पुढे भेटली, तोवर वही बंद झाली होती.

तुमच्या वडिलांचं म्हणाल, तर ते माझ्या हिशेबानं कॅसेटच्या पिढीचे. त्या काळात आपण यादी द्यायची आणि दुकानदार कॅसेट भरून द्यायचा. नव्वद मिनिटांची असेल तर एका बाजूला नऊ-दहा गाणी, आणि शेवटचं गाणं हटकून मधेच तुटायचं. घरात जुनी कॅसेट असेल तर तिच्या कार्डावरचं अक्षर कोणाचं आहे ते त्यांना विचारा. कुठलं गाणं कुठे तुटायचं तेही विचारा. गाजलेल्या गाण्यांची यादी कुठेही तयार मिळते, ही मिळणार नाही.

अशीच एक कॅसेट मी १९८४ मध्ये बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, भरून घेतली. वही काढून, ताईला पत्रातून कळवलेल्या गाण्यांतली वीस निवडली आणि दिवाळीच्या ओवाळणीत घातली. आरमोरीला भाऊजींनी नवा टू-इन-वन घेतला होता, रेडिओ आणि कॅसेट एकातच. पहिली बाजू ऐकताना ती प्रत्येक गाण्याबरोबर गुणगुणत होती, कारण ती गाणी तोवर कुठे ना कुठे कानावर पडलेली होती. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं आणि ती गप्प झाली. ते गाणं फार चाललं नव्हतं. गीतमालेतही दोनच आठवडे, अगदी खालच्या पायदानावर होतं. मला त्याचे शब्द फार आवडले म्हणून मी धृपद आणि एक कडवं पत्रात उतरवून पाठवलं होतं.

“अबे, हे असं आहे का?” ती म्हणाली. “मी तं वेगळंच गाऊन राहिली होती इतकी वर्षं!”

म्हण पाहू, म्हटलं. तिनं म्हटलं. माझ्या पत्रातल्या वर्णनावरून आणि शब्दांवरून तिनं स्वतःच चाल लावली होती. मी पत्रात “खालून वर जातं, मग थांबतं, मग एकदम उतरतं” असं काहीतरी लिहिलं होतं, ते सगळं तिच्या चालीत होतं. आठ वर्षांची भाची शेजारी बसली होती, ती म्हणाली, आई, कॅसेटमधल्या बाईनं चुकीचं म्हटलंय.

तुम्ही नावं मागितली आहेत, पण या एका गाण्याचं नाव मी देत नाही. दिलं तर तुम्ही लगेच शोधून मूळ चाल ऐकाल.

गेल्या दिवाळीनंतर भाचीची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून बाळ बघायला गेलो होतो. ताई आता बहात्तरची आहे, गुडघ्यांनी बसवलंय तिला. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. आत बाळ किरकिर करत होतं, आणि भाची त्याला मांडीवर घेऊन तेच गाणं म्हणायला लागली, खालून वर, मग थांबून, मग एकदम उतरत. ताईनं मला कोपरानं ढोसलं.