केरसुणीला नमस्कार कशाला?

लाडक्या ओवी,

काल फोनवर तू रुसली होतीस. दाराआडच्या केरसुणीला पाय लागला म्हणून आजीने तुला नमस्कार करायला लावला. "आई, झाडूच्या का पाया पडायचं?" असं विचारलंस तेव्हा मी कामावर निघाले होते. आता निवांत लिहिते.

इथे मँचेस्टरला घरभर गालिचा आहे. त्यातली धूळ झाडून निघत नाही, नुसती उडते, म्हणून ओढून घेणारं यंत्र लागतं. ह्युबर्ट बूथ या इंग्रज इंजिनिअरने १९०१ साली केलेलं असलं यंत्र तर घोडागाडीवर असायचं. ते रस्त्यात उभं करून खिडकीतून लांब नळ्या आत सोडायचे!

आपल्या सदाशिव पेठेतल्या शहाबादी फरशीला केरसुणी पुरते. अंगणाला खराटा, नारळाच्या हिरांचा. केरसुणी शिंदीच्या पानांची. हातात घेऊन बघ. मूठ घट्ट वळलेली, पुढे पंखा. तिरकी धरली की टोकं फरशीच्या सांध्यात शिरतात आणि अडकलेला तांदळाचा दाणाही बाहेर येतो. तुझ्याएवढी असताना माझ्या कुडीची फिरकी हरवली होती. आजीने केर टाकला नाही, सुपलीत पसरून बोटाने चाळला. फिरकी सापडली! दिवेलागणीनंतर केर काढू नये म्हणतात ते मला तेव्हा पटलं. कंदिलाच्या उजेडात असलं काही दिसलं नसतं, केराबरोबर गेलं असतं.

घर झाडलेलं असेल तिथे लक्ष्मी येते, म्हणून केरसुणीलाच लक्ष्मी म्हणतात. लक्ष्मीपूजनाला नवी आणून हळदकुंकू वाहतात.

पण एक गोष्ट आजी सांगणार नाही. केरसुण्या वळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने केलं. शिंदीच्या पानांना बुडाशी सुईसारखे काटे असतात. ती पानं तोडायची, वाळवायची, वळायची. त्यांच्या हातची केरसुणी लोकांनी देवापुढे ठेवली आणि त्यांना मात्र उंबऱ्याबाहेर उभं केलं. हे मला फार लागतं. तू नमस्कार करशील तेव्हा ते हातही आठव.

दिवाळीआधी आजीबरोबर मंडईत जाशील ना? केरसुण्या घेऊन बसलेल्या मावशींशी भाव करू नका. मूठ कशी वळतात ते त्यांना विचार, आणि मला फोनवर सांग.

तुझी,
आई