सिग्नल तोडल्याचं कॅमेऱ्याचं चलन आलंय, पण मी पिवळ्यावर शिरलो होतो. काय करू?

लगेच पैसे भरू नका, आधी फोटो पाहा. मेसेजमधली लिंक उघडू नका, बनावट चलनं फार फिरतात. अधिकृत साइट स्वतः टाइप करून गाडीचा नंबर घाला. सहसा दोन फोटो असतात: पहिल्यात दिवा लाल आणि पुढची चाकं थांबरेषेच्या अलीकडे, दुसऱ्यात गाडी चौकात. पहिल्याच फोटोत चाकं रेषेपलीकडे दिसली, तर तुमच्या म्हणण्यात दम आहे, व्हिडिओ मागा. फोटोवरच्या पट्टीत बहुतेकदा लाल लागून किती सेकंद झाले होते तेही असतं. नंबरप्लेट मोठी करून वाचा, ३ चा ८ होतो. हरकत लेखी, फोटोसकट आणि मुदतीतच द्या. गाडी आधीच विकली असेल तर हस्तांतराचा कागद जोडा.